खाजणातला भराव

कुवेतमध्ये रेल्वे नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे कधी नव्हती. हे वाक्य मी जवळजवळ सात वर्षं दर शुक्रवारी सकाळी एका माणसाला सांगत होतो. ते माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे, म्हणून सांगताना आवाज बेताचा ठेवायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "असं तुमचं म्हणणं आहे." मग सायकल हातात धरून पुढे चालू लागायचे.

ऑफिसात त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. आमची कंपनी सांडपाण्याचे पाइप टाकायची, पंपहाउस बांधायची, त्यासाठी लागणारे रस्ते करायची. ते तिथे मुख्य ड्राफ्ट्समन होते. मी त्र्याण्णव साली रुजू झालो. कुठल्या कामाला किती खोदाई, किती पाइप, किती सिमेंट लागेल ते मोजून लिहिणं हे माझं काम. त्यांनी काढायचं आणि मी मोजायचं, असं आमचं चालत असे. गार्डसाहेबांनी रेल्वेत एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. त्यांचे वडील सोलापूरकडच्या नॅरोगेजवर कीमन होते. कीमन म्हणजे आपल्या वाट्याची काही मैल लाइन, म्हणजे आपली बीट, रोज सकाळी पायी तपासत जाणारा माणूस. खांद्यावर हातोडा, हातात पाना, रूळ पकडणारी चावी सैल झालेली दिसली की ठोकून बसवायची. ऑफिसातल्या मल्याळी टायपिस्टने हे ऐकून त्यांना गार्डसाहेब हे नाव पाडलं. ते त्यांना आवडत नसे. "गार्ड बसून जातो," ते म्हणत. "आमचे वडील चालत जायचे."

आता भरावाबद्दल. शहरापासून पश्चिमेला जहराच्या बाजूला, समुद्र आणि वाळवंट यांच्या मध्ये, पाणथळ जागा आहे. शुद्ध केलेलं सांडपाणी तिथे येऊन पसरतं, उंच बोरूसारखं गवत माजतं आणि हिवाळ्यात पक्षी येतात. मी चिपळूणजवळचा. आमच्याकडे अशा जागेला खाजण म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणत आलो. त्या खाजणातून मातीचा एक भराव सरळ गेलेला होता. वर अकरा फूट रुंद, आजूबाजूच्या चिखलापेक्षा साडेचार फूट उंच. माझ्या पावलांनी चार हजार एकशे ऐंशी पावलं लांब. एकच वळण, डावीकडे, आणि इतकं हळू की आपण वळलो हे शंभर-दोनशे पावलं गेल्यावर कळायचं.

गार्डसाहेबांच्या मते ही लाइन होती. रूळ उपटून नेलेली जुनी लाइन.

मी त्यांना सांगायचो की हा पाइपलाइनवाल्यांचा नाहीतर रस्त्यावाल्यांचा बांध असणार. ते विचारायचे, "ट्रकसाठी एवढं हळू वळण कोण देतं? ट्रक अंगणात वळतो." मी म्हणायचो, मोठ्या पाइपालाही हळूच वळवावं लागतं. ते म्हणायचे, "मग पाइप कुठाय?" पाइप नव्हता हे खरं होतं. मी एकदा पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन काठ्या घेऊन भरावाचा चढउतार मोजला. तीन शुक्रवार लागले. चढ इतका कमी निघाला की एखादी छोटी गाडी तिथून मजेत गेली असती. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण माझ्या वहीत ते आकडे आहेत, आणि ते आकडे काय सिद्ध करतात ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सपाट जागेतला बांध सपाटच असायचा.

शुक्रवारचा क्रम ठरलेला. मी सालमियाहून गाडी घेऊन पाचला रिग्गईला पोचायचो. तिथे एका खोलीत चौघं असं ते राहत. ते खाली सायकल घेऊन उभे असत. सायकल डिकीत अर्धी आत, अर्धी बाहेर, नायलॉनच्या दोरीने बांधलेली. भरावाच्या तोंडाशी पोचल्यावर सायकल खाली. पण ते जाताना सायकलवर बसत नसत. जाताना तपासणी. सायकल हातात, नजर डाव्या कडेवर. टोकापर्यंत पोचल्यावर बाटलीतलं पाणी प्यायचे, त्याआधी घोटसुद्धा नाही. येताना उजवी कडा. ती अर्ध्या वाटेपर्यंत चालत, आणि मग सायकलवर बसून उरलेली. "वडिलांना शेवटच्या टप्प्यात ट्रॉली मिळायची," असं त्यांनी कारण सांगितलं. त्यामुळे परतताना शेवटचा मैलभर मी एकटाच चालत असे आणि ते गाडीपाशी माझी वाट पाहत.

वाटेत कुठे पावसाने कड ढासळलेली दिसली की थांबून ते पायाने माती सारून बसवायचे. कुणाच्या मालकीची जागा, कुणासाठी हे चाललंय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बीट आपली आहे ना."

भरावावरून खाली उतरायचं नाही हा त्यांचा दुसरा नियम. यात मात्र शहाणपण होतं. इराकची लढाई होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती आणि वाळूत काय पुरलेलं राहिलंय याची खात्री कुणालाच नव्हती. काही ठिकाणी लाल त्रिकोणाचे फलक अजून उभे होते. एकदा पाण्याची पातळी घ्यायला मी चार पावलं उतार उतरलो. ते ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "ज्या पावलांनी उतरलात त्याच पावलांवर पाय देऊन वर या." मी वर आलो. त्यानंतर टोकापर्यंत ते माझ्या आणि उताराच्या मधून चालले.

पक्ष्यांचं त्यांना काही नव्हतं. नोव्हेंबरात रोहित पक्षी यायचे, लांब पायांचे, फिकट गुलाबी. मी ते मोजायचो. दोनशेच्या पुढे मोजणी चुकायची. गार्डसाहेब एवढंच म्हणायचे, "पॅसेंजर आले."

पण सगळ्यात मला गोंधळात टाकणारी गोष्ट सहा दहाची. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर लावलेलं असे, म्हणजे कुवेतच्या अडीच तास पुढे. त्या घड्याळात आठ चाळीस वाजले की ते भरावाच्या कडेला सरकत, सायकल आपल्या अंगाला टेकवून उभी करत आणि मध्याकडे तोंड करून थांबत. त्यांच्या गावावरून सकाळची गाडी तेव्हा जायची. वडील लाइनीवर असले तर कडेला होऊन तिला वाट देत. पहिल्या वेळी मला वाटलं त्यांना चक्कर आली. दुसऱ्या वेळी मी घड्याळ लावलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. नॅरोगेजची गाडी हळू असते हे मान्य केलं तरी हा वेळ मला जास्त वाटला. तसं विचारलं, तर म्हणाले, "आधी आवाज येतो, मग गाडी येते. आवाज आल्यावरच बाजूला व्हायचं असतं की."

सहा-सात महिन्यांनी मीही कडेला होऊ लागलो. का, ते विचारू नका. एक माणूस कडेला उभा असताना आपण मध्ये उभं राहणं बरं दिसत नाही.

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, त्यांना जेवायला बोलवा. ती इस्पितळात नर्स होती. तिच्या मनात काय आहे ते मला नंतर कळलं. जेवणं झाल्यावर ती सहज गप्पा मारल्यासारखी त्यांना विचारू लागली. आज तारीख किती हो? वार कुठला? मुलीच्या अभ्यासाचं निमित्त करून, शंभरातून सात-सात वजा करत खाली या, असंही सांगितलं. गार्डसाहेब सुपारी कातरता कातरता एकही न चुकता दोनपर्यंत आले. मग म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही एकशे एकपासून या. शंभरापासून पाठ असतं लोकांना." बायको सत्त्याऐंशीला अडखळली.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची. तिने त्यांना स्पष्टच सांगितलं, "अंकल, देअर इज नो ट्रेन इन कुवेत."

"आत्ता नाही," ते म्हणाले.

ते गेल्यावर बायकोने निकाल दिला. "अहो, त्यांना काहीही झालेलं नाही. झालंच तर तुम्हाला होईल. तुम्ही कशाला कडेला उभे राहता?"

पुढे एक शुक्रवार असा आला की सहा दहा झाले, मी सवयीने बाजूला झालो, आणि गार्डसाहेब सरळ चालत पुढे गेले. वीस-पंचवीस पावलांवर त्यांना मी बरोबर नसल्याचं कळलं. मागे वळून बघितलं.

"काय झालं? कशाला थांबलात?"

मी म्हटलं, "गाडी."

"गाडी बंद झाली की. भावाचं पत्र आलंय. मोठी लाइन करायलेत, रूळ काढले सगळे." मग माझ्याकडे जरा काळजीने बघून ते म्हणाले, "तुम्हाला नव्हतं का सांगितलं?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. गाडी कुठे आहे, कुठे नाही, कुठली बंद झाली, सगळं. त्या दिवशी परतताना मी विचार करत होतो की या माणसाच्या डोक्यात दोन गावं आहेत आणि दोन्हींच्या मधली भिंत पक्की आहे. पुढे दीड-दोन वर्षांनी नकाशाचं एक शीट निघालं आणि माझं हेही मत टिकलं नाही.

त्यांच्या कामाबद्दल आधी सांगायला हवं. लढाईच्या दिवसांत आमच्या ऑफिसला आग लागली आणि नकाशांची खोली जळाली. जमिनीखाली कुठे कुठला पाइप गेलाय, कुठल्या कोपऱ्यात मॅनहोल आहे, याचे सगळे कागद गेले. लढाई संपल्यावर परत आलेल्या पहिल्या चार-पाच माणसांत गार्डसाहेब होते. काजळी धरलेल्या भिंतींच्या खोलीत त्यांना टेबल मांडून दिलं आणि तेव्हाच्या इंजिनियरने सांगितलं की आठवेल तसं काढ. त्यांनी एक्केचाळीस शीटं आठवून काढली. माझं कुवेतमधलं पहिलं काम म्हणजे त्यांतलं एक शीट जागेवर जाऊन ताडून बघणं. सव्वीस मॅनहोल होते. पंचवीस सापडले, प्रत्येक फूटभराच्या आत. सव्विसावा नव्हता. मी तसं लिहून दिलं. वर्षभराने रस्ता रुंद करताना वाळूखालून सव्विसावा निघाला, शीटवर होता तिथेच. माझ्या नोकरीत मी इतकं अचूक काम दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही, आणि हे तर कागद समोर नसताना केलेलं.

दोन हजारच्या सुमारास खाजणातून नवा मोठा पाइप टाकायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं. पाइप भरावाच्या मधोमध, म्हणजे भराव कापून. खोदाईचा हिशोब करायला तो माझ्याच टेबलावर आला. मी शुक्रवारी वाटेत त्यांना सांगितलं. रविवारी ते मोठ्या इंजिनियरांच्या खोलीत एक शीट घेऊन गेले.

मोठे इंजिनियर मिस्री, म्हणजे इजिप्तचे, साठीकडे झुकलेले, आवाज न चढवणारे. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर खाजणाचं शीट पसरलं होतं. पाणी, पंपहाउस, रस्ता, आणि मधून भराव. भरावाच्या मधल्या रेघेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आखूड आडव्या रेघा मारलेल्या. रेल्वेलाइनची ही खूण शाळेतल्या मुलालाही कळते. गार्डसाहेब शेजारी उभे होते. त्यांनी सांगितलं होतं की जुनं शीट आहे, इथे लाइन आहे, खाली काही शिल्लक असेल तर खोदताना अडेल, तेव्हा पाइप बाजूने न्यावा.

मी शीट उजेडात धरलं. त्यावर तारीख नव्हती. पण वरच्या टोकाला उघडा इंग्रजी चार आणि पोटात रेघ मारलेला सात, हे गार्डसाहेबांचं अक्षर मी सात वर्षं वाचत होतो. कागदाच्या कडेला बारीक निळी रेघ छापलेली होती. असा कागद आमच्याकडे लढाईनंतरच यायला लागला. हे शीट त्या एक्केचाळिसांपैकी होतं. गार्डसाहेबांनी स्वतःच आठवून काढलेलं शीट पुरावा म्हणून आणलं होतं.

हे मी तिथे बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. मिस्री इंजिनियरांनाही कागद कळत होता. गार्डसाहेबांना बाहेर पाठवून त्यांनी मला शांतपणे सांगितलं. गुरुवारी सकाळी तू तीन खड्डे घे. लाइन निघाली तर पाइप हलवू. नाही निघाली तर हे शीट खोटं, आणि मग उरलेल्या चाळिसांवर मी कसा विश्वास ठेवू? मला ती सगळी नव्याने मोजून घ्यावी लागतील आणि त्याला महिनाअखेर घरी पाठवावं लागेल. मग म्हणाले, तुझा रिपोर्ट दोन वाजता माझ्या टेबलावर येईल. त्याआधी त्याने स्वतः त्या रेघा खोडून सही केली, तर ती दुरुस्ती. प्रत्येक ड्राफ्ट्समनच्या नावावर दुरुस्त्या असतात. दुसऱ्याने पकडलं तर ते खोटं.

गार्डसाहेबांना घरी जाऊन चालणार नव्हतं. धाकट्या मुलीची कॉलेजची चार वर्षं उरलेली होती, हे मला माहीत होतं. पण मला खुपत होतं ते दुसरंच. ते सव्वीस मॅनहोल. असं काम केलेला माणूस खोटं शीट काढलं म्हणून विमानात बसणार.

बुधवारी संध्याकाळी मी रिग्गईला गेलो. खोलीतले बाकीचे अजून कामावरून आले नव्हते. गार्डसाहेब स्टोव्हपाशी ज्वारीची भाकरी थापत होते. पीठ गावाहून आणलेलं. मी इंजिनियरांचं म्हणणं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

"ते शीट तुम्हीच काढलंय," मी म्हटलं.

"मग कोण काढणार? सगळी मीच काढलीत की."

"इंजिनियरांना जुनं म्हणून सांगितलंत."

"नऊ वर्षं झाली. जुनंच आहे."

"गार्डसाहेब, तुम्ही ती लाइन बघितली होती का? लढाईच्या आधी? रूळ बघितले होते?"

ते पिठाचे हात तसेच धरून बसले. तव्यावरच्या भाकरीला वास सुटला तरी त्यांनी ती उलटली नाही, शेवटी मीच चिमट्याने उलटली.

"खोली जळाल्याचा वास येत होता," ते म्हणाले. "डोळे मिटून काढायचो. मॅनहोल यायचा, काढायचो. पंपहाउस यायचं, काढायचो. तशीच लाइन आली, काढली. तुम्ही जाऊन बघितलंत, सव्वीसच्या सव्वीस बरोबर निघाले. मग जे डोळे मिटल्यावर आलं त्यातलं ते खरं आणि हे खोटं, हे मी कसं सांगू?"

"पण इथलं आठवत होतं की तिथलं?"

"तेच," ते म्हणाले. "ते मला आता वेगळं करता येत नाही."

मी म्हटलं, खोडून टाका. एक शीट. दुरुस्ती म्हणून सही करा. एक्केचाळिसांत एक चूक म्हणजे काहीच नाही.

ते भाकरी उतरवत म्हणाले, "उद्या खणताना रुळाखालचं आडवं लाकूड लागलं, तर दोन लाकडांतलं अंतर बघा. आमच्या लाइनीवर वडील सव्वादोन फूट मोजायचे. छोट्या लाइनीला तसंच लागतं, कुठेही. सव्वादोन असलं तर मी खोडणार नाही. पाठवू द्या घरी. नसलं, किंवा लाकूडच नसलं, तर तुम्ही याल तेव्हा शाई खरवडायला ब्लेड हातात घेतो." मग मला भाकरी आणि लसणाची चटणी खाऊनच जाऊ दिलं.

हे सगळं होऊन गेल्यावर ते आणखी चार वर्षं कुवेतमध्ये होते. त्या हिवाळ्यातच भराव कापला गेला. शुक्रवारी आम्ही दस्मानकडच्या समुद्रकाठी चालू लागलो. फरसबंद वाट, बसायला बाकं, सोबतीला फिरायला आलेली माणसं. तिथे त्यांनी सायकल कधी आणली नाही, पाणीही मधेच प्यायचे. दोन हजार चारला ते गावी गेले. मी पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर आलेलं नाही. भरावाचा विषय चार वर्षांत त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. म्हणून त्या गुरुवारचं जे सांगायचंय ते इथे पहिल्यांदाच सांगतो आहे.

मी मशीन आणि तिघं कामगार घेऊन सातला पोचलो. पहिला खड्डा सुरुवातीला, दुसरा मध्यावर, तिसरा वळणाच्या पुढे. पहिल्यात पाच फुटांपर्यंत फक्त दाबलेली चुनखडीची माती. दुसऱ्यात तीच माती, खाली शिंपल्यांचा थर. तिसऱ्यात चार फुटांवर मशीनचं बकेट कशाला तरी घासलं. मी मशीन थांबवलं आणि कामगारांना फावड्याने खणायला लावलं. एक लाकूड दिसलं. काळं, भरावाला आडवं. मग त्याच्या शेजारी दुसरं, त्याला समांतर.

खड्ड्यात खालून पाणी भरू लागलं होतं. टेप गाडीत होती आणि गाडी भरावाच्या तोंडाशी. कामगारांनी खणलेल्या पायरीवर उतरून मी पोटावर झोपलो आणि हात आत घातला. माझी वीत बरोबर नऊ इंच आहे. हे मी अनेकदा पट्टीवर तपासलेलं आहे. एका लाकडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत वीत टाकत गेलो. तीन वीत. पुन्हा मोजलं, तोवर पाणी कोपराच्या वर आलेलं. तीन वीत. म्हणजे सव्वादोन फूट.

तिसरं लाकूड मिळालं असतं तर प्रश्न मिटला असता. दोन लाकडं कशीही पडू शकतात, मातीखाली गाडलेला कुणाचा फळकुटांचा कचराही असू शकतो. अंतर सारखं आहे हे म्हणायला दोन अंतरं हवीत, म्हणजे तीन लाकडं. पण खड्डा अर्ध्या तासात भरला आणि पाणी उपसायचा पंप आम्ही आणलेला नव्हता. मी वहीत लिहिलं: खड्डा तीन, चार फुटांवर आडवी लाकडं, दोन, पाणी. अंतर लिहिलं नाही. आकडा हातात असताना न लिहिण्याची माझी ती पहिली वेळ.

परतीच्या रस्त्यावर मी त्या आकड्याचा विचार केला. एका अंतराने मिस्री इंजिनियरांचं समाधान होणार नव्हतं. ते विचारणार, रूळ कुठाय, खिळा कुठाय, तिसरं लाकूड कुठाय, आणि शेवटी शीट खोटंच ठरणार. पण त्या एका अंतराने गार्डसाहेबांचं समाधान झालं असतं. ते शीटला हात लावणार नव्हते, शांतपणे बॅग भरणार होते. आकडा खरा होता आणि तो सांगितला तर माणूस जाणार होता. नाही सांगितला तर त्यांच्या डोळ्यांसमोर आलेली गोष्ट मी खोटी पाडणार होतो, आणि कदाचित ती खरी होती. कदाचित. याच्या पुढे मी तेव्हाही जाऊ शकलो नाही, आजही जात नाही.

ऑफिसात पोचलो तेव्हा सव्वा वाजत होता. जेवणाची वेळ, ड्रॉइंगच्या हॉलमध्ये ते एकटेच. बोर्डावर शीट चारी कोपऱ्यांना टेप लावून ताणलेलं. शाई खरवडायला आम्ही दाढीचं ब्लेड उभं मोडून अर्धं वापरतो, तसं अर्धं ब्लेड त्यांच्या बोटांत होतं. कागदाला लागलेलं नव्हतं.

"लाकूड लागलं?"

"लागलं. तिसऱ्या खड्ड्यात. दोन."

"अंतर?"

"मोजता नाही आलं," मी म्हटलं. "पाणी आलं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या उजव्या बाहीकडे बघितलं. बाही खांद्यापर्यंत ओली होती आणि कोपराच्या वरपर्यंत काळा चिखल वाळायला लागला होता. डावी बाही इस्त्री केलेली, कोरडी. मला वाटलं आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हे मी आजही शपथेवर म्हणू शकतो.

"पाणी बरंच वर आलं म्हणायचं," ते म्हणाले.

"हो."

"बरं."

त्यांनी मान खाली घातली, ब्लेड आडवं धरलं आणि पहिली आडवी रेघ हलकेच खरवडली. कागद जराही न फाडता. शाईची भुकटी फुंकरीने उडवली आणि दुसऱ्या रेघेवर गेले. मी रिपोर्टाचा कोरा कागद घेऊन शेजारच्या टेबलावर बसलो आणि पेन उघडलं.

"आधी हात धुऊन या," ते मान वर न करता म्हणाले. "कागदाला डाग पडेल."

मी उठलो. साबण दोनदा लावूनही नखांतला काळा रंग गेला नाही. परत आलो तेव्हा ते वळणापर्यंत पोचले होते.